‘वतन म्हणजे देश’ : सातवीच्या इतिहासाचा एक उतारा आणि त्याआधी शिकवलेले मोजके शब्द

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेचा सातवीचा वर्ग. पट तिसाच्या आसपास. बहुतेक मुले शेतकरी आणि शेतमजुरांच्या घरची, काहींचे वडील औद्योगिक वसाहतीत कामाला जाणारे. काही घरांत दखनी, म्हणजे उर्दूची इथली बोली, बोलली जाते. उसाचा हंगाम सुरू झाला की बीडकडच्या ऊसतोड टोळ्यांबरोबर आलेली दोन-तीन मुलेही या वर्गात येऊन बसतात. मी तिथे साधनव्यक्ती म्हणून, म्हणजे शिक्षकांना शिकवण्यात मदत करायला, जाते. वर्गाच्या बाईंनी शिक्षण परिषदेत, म्हणजे परिसरातल्या शिक्षकांच्या बैठकीत, एक अडचण मांडली होती आणि तिच्यावर आम्ही दोघींनी मिळून काम केले. त्याची ही नोंद आहे.

अडचण अशी : मुले घडाघडा वाचतात. प्रकट वाचनात अडखळत नाहीत, विरामचिन्हे पाळतात. पण प्रश्न विचारला की पुस्तकातले एखादे वाक्य जसेच्या तसे उचलून उत्तर म्हणून देतात. वाक्य बरोबर असते, त्यामुळे घटक चाचणीत गुणही मिळतात. तोच प्रश्न थोडा फिरवून विचारला की वर्ग गप्प होतो. भाषेच्या तासाला हे कमी होते, विज्ञानात थोडे जास्त आणि इतिहासात सर्वांत जास्त.

समोर पाठ होता ‘शिवपूर्वकालीन महाराष्ट्र’. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इथले गाव कसे चालत होते, हे या पाठात कळायला हवे. ते कळले नाही तर पुढचे स्वराज्य म्हणजे नुसत्या लढायांची यादी होते. बाईंनी पाठाच्या आधाराने पानभर उतारा तयार केला. त्यात मौजा, कसबा आणि परगणा, पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे, पेठेचे शेटे-महाजन, बलुतेदार, आणि शेवटी १६३० चा दुष्काळ. उतारा चांगला होता, भाषाही सोपी होती. तरीही आम्ही आधी एक चाचपणी करायचे ठरवले. काही न सांगता उतारा मूकवाचनाला द्यायचा आणि तोंडी दोन-चार प्रश्न विचारायचे.

पहिल्या प्रश्नाला सगळे हात वर. पाटलाला त्याच्या कामाबद्दल काय मिळायचे? “वतन.”

“वतन म्हणजे काय?”

खिडकीजवळ बसलेल्या मुलीने लगेच सांगितले, “देश.” वर्गाने मान डोलावली. कुणाला शंका नव्हती. पंधरा ऑगस्टला शाळेत लाऊडस्पीकरवर वाजणाऱ्या गाण्यांतून हा शब्द सगळ्यांच्या कानावरून गेलेला, आणि त्या मुलीच्या घरात तर तो रोजच्या बोलण्यातला.

बाईंनी विचारले, “मग पाटलाला देश मिळायचा?”

त्यावर एका मुलाने नीट विचार करून उत्तर दिले. राजा खूश झाला की पाटलाला गाव देऊन टाकायचा, मग तो त्याचा देश. पाटील म्हणजे छोटा राजा.

या उत्तराने आमची पुढची सगळी दिशा ठरली. मुलाने अर्थ लावला होता, तर्कही चुकला नव्हता. हाती असलेल्या अर्थाने वाक्य बसते आहे असे त्याला दिसले, म्हणून तो थांबला नाही. अनोळखी शब्द आला की मूल निदान अडते, विचारते, शेजाऱ्याच्या वहीत बघते. ओळखीचा वाटणारा शब्द वेगळ्या अर्थाने आला तर मूल अडतच नाही. चुकीच्या अर्थावर पुढचा सगळा परिच्छेद रचला जातो आणि मुलाला किंवा शिक्षकाला त्याचा पत्ता लागत नाही. ‘संदर्भावरून अर्थ ओळखू द्या’ असे आपण प्रशिक्षणांतून सांगतो. ते मला पटते, पण संदर्भ जिथे चुकीच्या अर्थालाही जागा देतो तिथे ते उपयोगाचे नाही.

दुसऱ्या प्रश्नातून आणखी एक गोष्ट कळली. देशमुख कोण होते? “आमच्या गल्लीतले?” असे एका मुलीने विचारले. हे ती मनापासून विचारत होती. पाटील, देशमुख, कुलकर्णी, देशपांडे ही तिच्यासाठी माणसांची आडनावे होती. उताऱ्यातले ‘पाटील महसूल गोळा करण्याच्या कामावर देखरेख करत असे’ हे वाक्य तिने पाटील आडनावाच्या कुणा एका गृहस्थाबद्दलचे वाक्य म्हणून वाचले होते.

शब्दांची निवड

बाईंच्या पाठाच्या टाचणात ‘कठीण शब्द’ या रकान्यात सोळा-सतरा शब्द होते. नेहमीची रीत म्हणजे ते फळ्यावर लिहायचे, समोर अर्थ लिहायचा, मुलांनी उतरवून घ्यायचे आणि मग पाठ. शब्दार्थ लिहून घेण्यात अर्धी तासिका जाते आणि वाचायला सुरुवात होईपर्यंत पहिले चार अर्थ विसरलेले असतात. मुख्य म्हणजे त्या यादीत सगळे शब्द एकाच मापाचे ठरतात. ‘दुष्काळ’ आणि ‘वतन’ एकाखाली एक येतात, जणू दोन्ही शब्द सारखेच अवघड आहेत.

आम्ही यादी घेऊन बसलो आणि प्रत्येक शब्दापाशी थांबलो. हा शब्द उतारा स्वतःच समजावून सांगतो का? मौजा म्हणजे गाव, कसबा म्हणजे मोठे गाव आणि बहुधा परगण्याचे मुख्य ठिकाण, अनेक गावे मिळून परगणा. हे उताऱ्यात स्पष्ट दिले होते. मग ते आधी कशाला सांगायचे? ते वाचून शोधणे हेच मुलांचे वाचन. वाचण्याआधी सगळे सांगून टाकले तर वाचायला कारण उरत नाही. बाईंना हे तिन्ही शब्द सोडताना जड गेले, कारण चाचणीत हमखास विचारले जातात. पण या भागातल्या मुलांना कसबा हा शब्द नवा नाही. कसबा बावडा सगळ्यांनी पाहिलेला. सातबाऱ्यावर, गावच्या नोटिशीवर ‘मौजे’ दिसते. वाचताना ‘अरे, हे ते!’ असे होण्याची संधी त्यांच्याकडून काढून घेऊ नये असे माझे मत होते आणि बाईंनी ते मानले.

‘निजामशाही’, ‘आदिलशाही’ आधीच्या पाठात येऊन गेलेले. ‘रयत’ संदर्भावरून कळतो, आणि चुकून ‘लोक’ एवढाच अर्थ घेतला तरी वाचन अडत नाही. ‘शेटे’, ‘महाजन’ तूर्त पुसट राहिले तरी उताऱ्याचा गाभा सुटत नाही.

उरले महसूल, बलुते आणि वतन. चौथी गोष्ट एक शब्द नव्हे, एक समज होती : आज जे आडनाव आहे ते तेव्हा हुद्द्याचे नाव होते.

एवढेच का, असे इतर शिक्षकांनी नंतर विचारले. या तीन शब्दांवर उताऱ्याचा सांगाडा उभा आहे. शेतकरी पिकवतो, त्यातला वाटा महसूल म्हणून वर जातो, दुसरा वाटा बलुते म्हणून गावातल्या कारागिरांना जातो, आणि ही व्यवस्था चालवणारे लोक वतनावर, म्हणजे पिढीजात हक्कावर, काम करतात. हे कळले की दुष्काळाचा परिच्छेद आपोआप उलगडतो. यातले काहीच कळले नाही तर ‘पाऊस पडला नाही, लोकांचे हाल झाले’ एवढेच उरते, आणि ते तर मुलांना न वाचताही माहीत असते.

वाचनात पूर्वज्ञानाचे वजन किती असते यावर अमेरिकेत १९८८ मध्ये रेक्ट आणि लेस्ली यांनी केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. सातवी-आठवीच्या मुलांना बेसबॉलच्या सामन्याचे वर्णन वाचायला दिले. वाचनात कच्ची पण खेळाची जाण असलेली मुले, वाचनात तरबेज पण खेळ न कळणाऱ्या मुलांपेक्षा पुढे गेली. आपल्याकडे क्रिकेटचा उतारा दिला तर असेच काहीसे होईल असे मला वाटते. शब्द आधी शिकवायचा म्हणजे त्या शब्दामागचे जग थोडे आधी उघडायचे, असा मी याचा अर्थ घेते. नुसता समानार्थी शब्द देऊन ते होत नाही. ‘महसूल = सरकारी उत्पन्न’ असे लिहून दिले की मुलाकडे दोन न कळलेले शब्द होतात.

बलुते शिकवायचे की टाळायचे

इथे आम्ही सर्वांत जास्त वेळ थांबलो. बाईंना काळजी होती ती वर्गातल्या मुलांची. बारा बलुतेदार म्हटले की जातींची नावे येतात आणि ती मुले समोर बसलेली असतात. कुणाकडे माना वळतील, मधल्या सुट्टीत कोण कोणाला काय म्हणेल, याची भीती खरी आहे. शब्द गाळून टाकावा, असाही विचार झाला.

मला तो पटला नाही. आपण गाळला तरी पुस्तकात शब्द येणारच. आपल्या देखरेखीशिवाय आलेला शब्द मुले घरातून आणि गल्लीतून ऐकलेल्या अर्थाने भरून काढतात. मात्र कसा शिकवायचा हे आधी पक्के करायला हवे होते. आपल्याकडे बलुतेदारी पुष्कळदा गुण्यागोविंदाने नांदणाऱ्या गावाचे चित्र म्हणून सांगितली जाते : सुतार औत देतो, शेतकरी धान्य देतो, सगळे सुखी. ते अर्धेच खरे आहे. या देवाणघेवाणीत सगळ्यांना सारखे मिळत नव्हते, मान सारखा नव्हता आणि काम नाकारायची मोकळीकही नव्हती. महार वतनाच्या नावाखाली राबवून घेण्याविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले. हे सगळे सातवीला सांगायचे नव्हते, पण सांगणाऱ्याला माहीत असायला हवे होते. ते माहीत असले की शिकवताना नेमके कोणते वाक्य बोलायचे आणि कोणते टाळायचे हे ठरते.

ठरले ते असे. आडनावांचा खेळ फक्त हुद्द्यांपुरता ठेवायचा. बलुतेदारांच्या बाबतीत ‘तुमच्यापैकी कोण?’ असा प्रश्न अजिबात नाही. उदाहरण कामाचे घ्यायचे, माणसाच्या जातीचे नाही.

वर्गात काय झाले

पंधरा-वीस मिनिटे, तासिकेचा पहिला भाग. फळ्यावर तीनच शब्द, मोठ्या अक्षरात, समोर अर्थासाठी जागा न ठेवता.

महसुलाची सुरुवात घरफाळ्यापासून, म्हणजे घरपट्टीपासून, झाली. घरफाळा आणि पाणीपट्टी मुलांना पाठ. ग्रामपंचायतीचा शिपाई पावती घेऊन येतो, न भरले तर घरात काय बोलणे होते, हे त्यांनी रंगवून सांगितले. मग बाई म्हणाल्या, “त्या काळी राज्याला मुख्य उत्पन्न कुठून मिळत असेल? कारखाने नाहीत, पेट्रोल नाही, मोबाइलचे रिचार्ज नाही.” मुले जमिनीपाशी आली. जमिनीच्या पिकातला राज्याचा वाटा, तो महसूल. तीन-चार वाक्यांत आटोपले. याहून जास्त वेळ या शब्दाला लागत नव्हता.

बलुत्याला जास्त लागला. प्रश्न असा दिला : तुमचा नांगर मोडला. सुताराकडे नेला. तुमच्याकडे पैसे नाहीत, गावात कुणाकडेच फारसे नाहीत. सुतार काम करील का? का करील? मुलांनी चर्चा करून “सुगीला धान्य द्यायचं” इथपर्यंत आणले. एक मुलगा म्हणाला, त्याची आज्जी अजून म्हणते की पूर्वी खळ्यावरच वाटे पडायचे. बाईंनी शब्द दिला : तो वाटा म्हणजे बलुते. आणि लगेच पुढचे वाक्य जोडले, की हे वाटे सगळ्यांचे सारखे नसत, आणि मला हे काम करायचे नाही असे म्हणायची सोय अनेकांना नव्हती. वर्ग शांतपणे ऐकत होता. एका मुलीने विचारले, “मग ते गाव सोडून का जात नव्हते?” बाईंनी उत्तर दिले नाही, प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवला.

वतनासाठी आम्ही उदाहरणे आणि अनुदाहरणे समोरासमोर ठेवण्याची रीत वापरली. संकल्पना अशा पद्धतीने शिकवण्याची चौकट डोरोथी फ्रेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विस्कॉन्सिन विद्यापीठात १९६९ मध्ये मांडली. तिचा चार खणांचा तक्ता आपल्याकडेही काही शिक्षक वापरतात. आम्ही तक्ता काढला नाही, फक्त त्यातले मर्म घेतले : एखादी गोष्ट काय आहे हे कळायला ती काय नाही हेही दाखवावे लागते.

आधी बाईंनी खिडकीजवळच्या मुलीचे उत्तर बरोबर असल्याचे सांगितले. वतन म्हणजे मायभूमी, हा अर्थ उर्दूत आणि हिंदीत आजही आहे. शब्द मूळचा अरबी. आपल्याकडे दख्खनेत त्याला आणखी एक अर्थ आला : पिढ्यान्पिढ्या एकाच घराण्याकडे राहणारे काम, आणि त्या कामाबद्दल मिळणारी जमीन व हक्क. मुलीचा चेहरा पडला नाही, हे मला महत्त्वाचे वाटले. तिचे उत्तर खोडले असते तर ती पुढचा अर्धा तास बोलली नसती.

मग प्रश्न. सरपंच वतनदार का? “नाही, निवडून येतो.” तलाठी? “नाही, त्यांची बदली होते.” आमच्या बाई? हसत “नाही!” पोलीस पाटील? इथे वर्ग दुभंगला. एक मुलगा ठामपणे म्हणाला, आमच्या वाडीत आधी वडील होते, आता त्यांचा मुलगाच आहे, म्हणजे ते वतनच. दुसऱ्याने सांगितले की त्याच्या चुलत्याने त्या जागेसाठी लेखी परीक्षा दिली होती. परीक्षा द्यावी लागते तर ते वतन कसे? वाद चांगलाच रंगला. महाराष्ट्रात आजचा पोलीस पाटील १९६७ च्या कायद्याखाली नेमला जातो आणि मुलकी पाटलांचे जुने पिढीजात पद १९६२ च्या कायद्याने रद्द झाले, ही माहिती बाईंनी वादाच्या शेवटी दिली. तोवर मुलांनी स्वतःच अर्थाचा कणा पकडला होता : काम बापाकडून मुलाकडे हक्काने गेले तर वतन, नेमणुकीने किंवा निवडून मिळाले तर नाही.

इथून आडनावांकडे जाणे सोपे झाले. घराण्याकडे काम टिकले म्हणून कामाचे नाव घराण्याला चिकटले. मुलांनी इनामदार, जमादार, देसाई अशी भर घातली. आपल्या भागात पाटील हिंदूंमध्ये आहेत, जैनांमध्ये आहेत, लिंगायतांमध्ये आहेत, मुसलमानांमध्येही आहेत. हे मुलांच्या डोळ्यांसमोरचे असल्यामुळे पाटील म्हणजे हुद्दा हे पटायला वेळ लागला नाही. बाईंनी स्पष्ट सांगितले, आडनाव राहिले, हुद्दा गेला. आज आडनावावरून कुणी मोठा नाही, लहान नाही.

उतारा हातात देण्यापूर्वी एकच प्रश्न फळ्यावर लिहिला : दुष्काळाचा फटका कुणाकुणाला बसला असेल? उत्तर उताऱ्यात सरळ लिहिलेले नव्हते.

वाचनानंतर

मुलांनी जोडीजोडीने वाचले. सुरुवातीला “शेतकऱ्यांना” हे उत्तर सगळीकडून आले. मग मागच्या बाकावरून आवाज : “पीकच न्हाई तर बलुतं कुठनं देणार? सुतारबी उपाशी.” त्याच्यापुढे दुसरी जोडी गेली : पाटलाची पंचाईत, कारण वरून महसूल मागणार आणि गावात द्यायला काही नाही. एका मुलीने विचारले की अशा वेळी पाटील लोकांच्या बाजूने बोलायचा की सरकारच्या. या प्रश्नाला सातवीच्या पुस्तकात उत्तर नाही. पण पाटील नावाचा हुद्दा रयत आणि राज्यसत्ता यांच्या मध्ये उभा आहे हे कळल्याशिवाय हा प्रश्न सुचत नाही. चाचपणीच्या दिवशी हीच मुले पाटलाला छोटा राजा समजत होती.

कोपऱ्यातल्या प्रश्नाकडेही काही मुले परत आली. ते गाव सोडून का जात नव्हते? दुष्काळात लोक गाव सोडून गेले असे उताऱ्यात आहे, मग एरवी का नाही? “तिकडं वतन नसणार त्यांचं,” असे एकाने सुचवले. या वाक्यात त्या मुलाने नव्या अर्थाने शब्द वापरला, कुणी सांगितलेले नसताना. शब्द कळल्याची याहून चांगली खूण मला ठाऊक नाही.

सगळ्यांचे असे झाले नाही. वर्गात तीन-चार मुले अजून अक्षर-अक्षर जुळवून वाचतात. तोंडी चर्चेत ती पुढे होती, बलुत्यावर तर त्यांनीच जास्त सांगितले. पण हातात छापील पान आल्यावर फळ्यावरचा तोच शब्द त्यांना पानात सापडेना. अर्थ आधी शिकवल्याने वाचनाचा वेग येत नाही, त्याचे काम वेगळेच करावे लागते. या मुलांसाठी बाईंनी जोडीदार बदलले, आणि शब्दांच्या पट्ट्या करून उताऱ्यातला शब्द पट्टीशी जुळवायला लावले. फरक पडला, थोडा. बीडकडून आलेल्या मुलांची गोष्ट वेगळी. घरफाळ्यावर ती गप्प होती, कारण त्यांच्या कोपीला (हंगामापुरत्या झोपडीला) फाळा नसतो. त्यांच्यासाठी महसुलाचे दुसरे उदाहरण हवे होते. उचल (आगाऊ रक्कम) घेऊन हंगामभर काम करणाऱ्या घरात वाटा, हिशेब, येणे-देणे हे शब्द रोजचे आहेत. तिथून सुरुवात केली असती तर ती मुले बोलती झाली असती असे बाईंचे म्हणणे, आणि ते मला पटते. ओळखीचे उदाहरण नेमके कुणाच्या ओळखीचे, हा प्रश्न टाचण लिहितानाच विचारला पाहिजे.

काही आठवड्यांनी ‘स्वराज्याचा कारभार’ हा पाठ आला. शिवाजी महाराजांनी अधिकाऱ्यांना रोख वेतन देण्यावर भर दिला, हा मुद्दा आपण वर्षानुवर्षे एका ओळीत शिकवून पुढे जातो. या वर्गात ‘वतन’ आणि ‘वेतन’ यांची आधी गल्लत झाली, मात्रा बघून वाचा असे बाईंना दोनदा सांगावे लागले. त्यानंतर पोलीस पाटलावरून भांडलेल्या मुलानेच विचारले, “मग वेतन दिलं तर काम काढून घेता येतं, होय ना बाई? वतनाचं नाही येत.” रोख वेतनामुळे अधिकारी राज्याशी बांधलेला राहतो, त्याचे स्वतंत्र ठाणे तयार होत नाही, हे कारण बाई सांगणार होत्या ते वर्गातूनच आले.

पुढच्या टप्प्यात मराठ्यांच्या सत्तेचा विस्तार येतो, १७१९ च्या सनदा, म्हणजे मुघल बादशहाने मराठ्यांना दिलेली वसुलीच्या हक्कांची अधिकारपत्रे, येतात. बाईंनी त्या पाठाचे टाचण मला दाखवले. ‘चौथाई’ आणि ‘सरदेशमुखी’ हे शब्द त्यांनी आधी शिकवायच्या यादीतून काढले आहेत. चौथाईत चौथा भाग दडलेला आहेच, सरदेशमुखी म्हणजे दहावा भाग हे पाठ सांगेल, आणि महसूल मुलांना आता ठाऊक आहे. शंभर रुपये महसूल धरून दोन्हींचा हिशेब मुलांनी वाचता वाचता मांडायचा आहे. आधी शिकवायला त्यांनी दोनच शब्द ठेवले आहेत : ‘सनद’, आणि ‘सुभा’ (प्रांत). त्यातल्या ‘सनद’पुढे पेन्सिलीने लिहिले आहे, ‘वकिलांची सनद? आधी मुलांना विचारणे.’